घर बघून कॅबिनेट घ्या: सीमाभागातल्या गेमिंग कॉम्प्युटरसाठी

बेळगावच्या वडगावात आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच शेजाऱ्यांचे चार पॉवरलूम आहेत. सकाळी आठला खटखट सुरू होते ती दिवेलागणीपर्यंत चालते. पहिला गेमिंग कॉम्प्युटर जोडला तेव्हा या मागांचा विचार माझ्या मनात आलाच नाही. समोर अख्खी काच आणि काचेमागे तीन रंगीत पंखे, असं कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग आत बसवायचा पत्र्याचा डबा, फोटोत बघितलं आणि मागवलं. दोन महिने छान गेले. तिसऱ्या महिन्यात गेम लावला की दहा मिनिटांत पंखे ओरडायचे, चित्र अडखळायचं आणि प्रोसेसरचं तापमान ९५ अंशांना टेकलेलं असायचं. बाजूची काच काढून बघितलं तर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या पट्ट्यांवर सुताच्या तंतूंचा पांढुरका थर बसला होता. नखाने कडा उचलली तर वाकळेच्या तुकड्यासारखा सगळा एकदम निघून आला. समोरची काच आणि फ्रेम यांच्यात जेमतेम बोटभर फट होती. मशीनला लागणारी सगळी हवा तिथूनच आत जात होती आणि त्या फटीला फिल्टर नव्हता.

त्यानंतर स्वतःसाठी दोन आणि ओळखीच्यांसाठी बरीच मशिनं जोडली. नोकरी उद्यमबागेत, पत्राकामाच्या कारखान्यात, त्यामुळे कॅबिनेटचा पत्रा हातात आला की तो कसा वाकवलाय, रंग कसा बसलाय हे आपोआप बघितलं जातं. प्रोसेसर बेळगावात घ्या नाहीतर बेंगळुरात, तो सारखाच चालतो. कॅबिनेटचं तसं नाही. ज्या घरात ते राहणार, तिथली धूळ, तिथला पाऊस, तिथलं टेबल आणि तिथली वायरिंग बघूनच ते घ्यावं लागतं. आणि एकदा चांगलं घेतलं की आतले भाग दोन-तीनदा बदलले तरी टिकतं. एटीएक्स हे मदरबोर्डचं, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडतात त्या मुख्य पाटीचं, माप इंटेलने १९९५ मध्ये आणलं. आजच्या एटीएक्स बोर्डाचीही स्क्रूची भोकं त्याच जागी असतात.

आधी आठ दिवस ताटली ठेवा

कॅबिनेटचे फोटो बघण्याआधी एक काम करा. स्टीलची एक ताटली स्वच्छ पुसून, कोरडी करून कॉम्प्युटर जिथे ठेवणार त्या जागी ठेवा. आठ दिवस तिला कुणी हात लावू नये असं घरात सांगून ठेवा. मग ती खिडकीपाशी उजेडात नेऊन बघा.

तंतू दिसले तर तुमचं घर आमच्यासारखं आहे. वडगाव, शहापूर, खासबाग, जिथे जिथे माग आहेत तिथे हेच. तंतूंना जाड जाळीसुद्धा अडवते, पण ती भराभर बुजते. म्हणून अशा घरात फिल्टर किती बारीक आहे यापेक्षा तो किती पटकन निघतो हे जास्त महत्त्वाचं. समोरची जाळी हाताने ओढून निघते का, तिच्यामागचा फिल्टर चुंबकावर किंवा खाचेत बसवलेला आहे का, ते बघा. फिल्टर काढायला सहा स्क्रू खोलायला लागत असतील तर पहिल्या महिन्यानंतर तो कुणी काढत नाही.

निपाणीत तंबाखूच्या वखारींजवळ राहत असाल तर ताटलीवर तपकिरी भुकटी दिसेल. ही जाड भोकांच्या जाळीतून सरळ आत जाते, म्हणून तिथे बारीक नायलॉनचा फिल्टर हवा. चिक्कोडी, रायबाग, अथणीच्या ऊसपट्ट्यात गाळप हंगामात चिपाडाची काळी राख उडत येते. ती हलकी असते, बोटाला लागली की पसरते. तिथे कारखान्याच्या दिशेची खिडकी टेबलाच्या मागे नको.

उद्यमबाग, मच्छे भागात कारखान्यांना लागून घर असेल तर आणखी एक चाचणी करा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ताटलीवरून फिरवा. पिशवीला काळे कण चिकटले तर ती ग्राइंडिंगची लोखंडी धूळ आहे. बाकीची धूळ मशीन तापवते. लोखंडी धुळीतून मात्र वीज वाहू शकते, ती मदरबोर्डच्या उघड्या पायांवर साठता कामा नये. अशा घरात वरच्या बाजूला उघडी जाळी असलेलं कॅबिनेट घेऊ नका. मशीन बंद असताना सगळी धूळ वरूनच आत पडते. घेतलंच असेल तर वर चुंबकी फिल्टर लावा, आणि वर पंखे नसतील तर ती जाळी पूर्ण झाकून टाका.

खानापूरकडे, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला धुळीपेक्षा पाऊस मोठा. जून ते सप्टेंबर भिंती ओल्या, कपाटातल्या कपड्यांना वास. नंदगडच्या मित्राचं मशीन दोन पावसाळ्यांनी उघडलं, तर मागच्या स्लॉटच्या, म्हणजे कार्डं बसवायच्या भोकांच्या, पट्ट्या कडेने तांबूस झाल्या होत्या आणि एक स्क्रू पान्याने फिरवताच डोकं तुटून हातात आला. बोर्ड धडधाकट होता, पत्रा मात्र गंजला होता. त्या भागातल्यांनी पत्र्याविषयी पुढे लिहिलंय ते नीट वाचावं.

जागा मापा

कॉम्प्युटर टेबलाला खाली दार असलेला कप्पा असतो, त्यात कॅबिनेट ठेवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. ऑफिसच्या मशीनला ते एक वेळ चाललं. गेम चालू असताना चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड एकटंच दोनशे वॅट उष्णता बाहेर टाकत असतं, आणि बंद कप्प्यात तीच गरम हवा पुन्हा समोरून आत जाते. कॅबिनेट कितीही महागाचं असो, त्या कप्प्यात ते तापणारच. दार काढून टाका, मागची प्लाय कापून घ्या, नाहीतर कॅबिनेट टेबलावर ठेवा.

टेबलावर ठेवणार असाल तर टेबलाची खोली मापा. मध्यम आकाराचं टॉवर कॅबिनेट ४०० ते ४८० मिमी लांब, २१० ते २३० मिमी रुंद आणि ४५० ते ५०० मिमी उंच असतं. मागे वायरींसाठी आणि गरम हवेसाठी किमान १०० मिमी सोडा. म्हणजे टेबल दोन फूट खोल हवं. जमिनीवर ठेवायचंच असेल तर चार-सहा इंच उंच लाकडी पाटावर ठेवा. एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पंखा खालून हवा ओढतो, आणि केर काढताना उडालेली सगळी धूळ तो गिळतो. शिवाय फरशी पुसायचं पाणी आहेच.

भागांची यादी हातात, टेप खिशात

कॅबिनेट सगळ्यात शेवटी निवडायचं असतं. आधी मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, कूलर आणि एसएमपीएस कागदावर ठरवा आणि प्रत्येकाचं मिलिमीटरमधलं माप लिहा.

मदरबोर्ड सोपा आहे. एटीएक्स ३०५ गुणिले २४४, मायक्रो-एटीएक्स २४४ गुणिले २४४, मिनी-आयटीएक्स १७० गुणिले १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, उलटं होत नाही. आपल्याकडच्या बजेटमधले बहुतेक बोर्ड मायक्रो-एटीएक्स असतात. तरीही जागा असेल तर मी मध्यम टॉवरच घ्यायला सांगतो. लहान कॅबिनेटमध्ये हात जात नाही, ब्रश जात नाही, आणि जिथे धूळ जास्त तिथे हात जाणं ही चैन नसून गरज आहे. एक मात्र बघा: हल्ली काही मदरबोर्डांच्या जोडण्या मागच्या बाजूने असतात. त्यांना मागे खास भोकं पाडलेलं कॅबिनेटच लागतं, साध्यात ते बसत नाहीत.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत लोक फसतात. दोन पंख्यांची कार्डं साधारण २०० ते २५० मिमी लांब असतात, तीन पंख्यांची बरीचशी ३०० च्या पुढे जातात, सगळ्यात मोठी ३४० मिमीही ओलांडतात. कॅबिनेटच्या माहितीत ‘ग्राफिक्स कार्ड ३३० मिमीपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. हे माप समोरचे पंखे धरून आहे की सोडून, ते तपासा. पंखा २५ मिमी जाड असतो. समोर पाण्याच्या कूलिंगचा रेडिएटर लावणार असाल तर त्याचे आणखी २७ मिमी. म्हणजे ३३० मधून ५२ गेले, उरले २७८. तुमचं कार्ड २४२ मिमीचं असेल तर ते आरामात बसेल. उद्या ३०५ मिमीचं कार्ड घ्यावंसं वाटलं तर रेडिएटर वर हलवावा लागेल, आणि वर जागा असेल तरच. हा हिशोब दुकानात उभ्या उभ्या होत नाही, घरी कागदावर करून जा.

लांबीबरोबर कार्डाची रुंदीही बघा. नव्या मोठ्या कार्डांची १६ पिनांची वायर कनेक्टरमधून बाहेर आल्यावर निदान ३५ मिमी सरळ राहिली पाहिजे, मग वळली पाहिजे. बाजूची काच तिला दाबत असेल तर कनेक्टर सैल बसतो आणि तापतो. तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.

कूलरची उंची ही तिसरी अडचण. प्रोसेसरबरोबर येणारा लहान कूलर कुठेही बसतो. टॉवर कूलर घेतलात तर १५५ ते १६५ मिमी उंची धरा. कॅबिनेटची मर्यादा १६० आणि कूलर १६० असं घेऊ नका, तीन-चार मिलिमीटर मोकळे ठेवा. पत्रा सगळीकडे सारखा सरळ नसतो, हे मी रोज बघतो.

एसएमपीएसचं एटीएक्स माप १५० रुंद, ८६ उंच आणि १४० पासून पुढे खोल. खालच्या कप्प्यात त्याच्यापुढे हार्ड डिस्कचा पिंजरा असतो. १६० मिमीचा एसएमपीएस बसवला की वायरी वळवायला जागाच उरत नाही. पिंजरा स्क्रूने निघतो की रिव्हेट मारून पक्का केलाय, ते बघून ठेवा. मदरबोर्डच्या मागे वायरींसाठी निदान २० मिमी जागा हवी. नाहीतर मागचं झाकण गुडघ्याने दाबून लावायची पाळी येते आणि पत्रा वाकतो.

वारा कुठून येतो, कुठे जातो

समोर जाळी. इतकं ठरवलंत तरी अर्धी निवड झाली. काचेचा किंवा सपाट प्लास्टिकचा समोरचा भाग असलेली कॅबिनेट आमच्या धुळीच्या भागात घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारचा पोरगा अजून म्हणतो, “काका, सगळ्यांकडं काचंचंच हाय की.” आहे, पण त्या सगळ्यांच्या घरामागे माग नाहीत.

साधी आणि पुरणारी रचना अशी: समोर दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. मधल्या किमतीच्या कार्डाला एवढं भरपूर होतं. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवायची. मग आतला दाब किंचित वाढतो आणि फटीफटीतून हवा बाहेर जाते. याच्या उलट वर तीन, मागे एक असे बाहेर टाकणारेच पंखे लावले तर प्रत्येक फट धूळ आत ओढते. फिल्टर फक्त समोर असतो, फटींना नसतो. गरम हवा वर जाते म्हणून वर पंखे हवेतच, असं दुकानात सांगतात. पंख्याच्या जोरापुढे गरम हवेची आपोआप वर जायची ओढ अगदी थोडी असते. वरचे पंखे नंतर गरज पडली तर लावा.

दोन बाजूंना काच आणि तळातून व बाजूने हवा घेणारी, मत्स्यपेटीसारखी कॅबिनेट हल्ली फार चालतात. दिसायला ती सुंदर आहेत, हे मान्य. पण त्यांना सहा-सात पंखे घ्यावे लागतात, ते बहुधा वेगळे विकत, आणि तळातून ओढायची म्हणजे धुळीच्या सगळ्यात जवळून. टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये टेबलावर ठेवणार असाल तर घ्या.

कॅबिनेटबरोबर आलेल्या पंख्यांची वायर बघा. चार पिनांची असेल तर मदरबोर्ड वेग कमी-जास्त करू शकतो. तीन पिनांचा पंखाही बहुतेक बोर्डांवर सांभाळता येतो. एसएमपीएसच्या मोठ्या चार पिनांच्या मोलेक्स वायरला थेट लागणारा पंखा मात्र कायम एकाच वेगाने फिरतो, रात्री अकरालाही.

पत्रा हाताने बघा

शक्य असेल तर कॅबिनेट दुकानात उघडं बघा. मागचं झाकण काढा, दोन्ही हातांनी दोन कोपरे धरून हलकं पिळा. लपलपलं की पत्रा पातळ. स्वस्त कॅबिनेटमध्ये ०.५ मिमीच्या आसपासचा पत्रा असतो, बऱ्यामध्ये ०.७ ते ०.८. कुणी गेजमध्ये सांगितलं तर लक्षात ठेवा, गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. पातळ पत्र्याला पंख्याची थरथर लागते आणि रात्री घरभर गुणगुण ऐकू येते.

मग आतल्या कडांवरून बोट अलगद फिरवा, घासू नका. कापलेली कड आत दुमडलेली असेल किंवा बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार किनार, काढलेली असेल तर बोटाला गोल लागते. बर राहिली असेल तर ती वायरीचं वेष्टण सोलते. वायरी जाण्याच्या भोकांना रबराची बाही असेल तर उत्तम.

रंग बाहेरून सगळेच चांगला देतात. आत बघायचं: एसएमपीएसच्या कप्प्यात, मागच्या स्लॉटच्या पट्ट्यांमागे, तळाला. पावडर कोटिंग कोपऱ्यात नीट पोचलेलं नसेल तर तिथे पत्रा करडा दिसतो, आणि गंज तिथूनच सुरू होतो. खानापूरकडच्या पावसाला हीच जागा सापडते. स्लॉटच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या घ्या. तोडून काढायच्या पट्ट्या एकदा तोडल्या की ते भोक कायमचं उघडं राहतं. उघड्या स्लॉटातून पाल आत जाते. नंदगडच्याच त्या मशीनमध्ये एसएमपीएसच्या कप्प्यात पालीची दोन अंडी होती.

पाय किती उंच आहेत तेही बघा. १५ ते २० मिमीपेक्षा कमी असतील तर खालच्या पंख्याला हवा पुरत नाही.

काच आणि दिवे

बाजूची एक काच असायला हरकत नाही. टेम्पर्ड काच मधोमध चांगला मार सोसते, कडेला मात्र फार नाजूक असते. शहाबादी फरशीवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर तिची कड नुसती टेकली तरी सगळी काच चुरा होऊन खाली येऊ शकते. काढली की सतरंजीवर किंवा गादीवर आडवी ठेवा. बिजागरीवर उघडणारी किंवा वरच्या खाचेत अडकणारी काच चार स्क्रूंच्या काचेपेक्षा बरी. शेवटचा स्क्रू काढताना ती निसटत नाही.

दिव्यांच्या बाबतीत एकच गोष्ट नीट समजून घ्या. तीन पिनांचे एआरजीबी दिवे ५ व्होल्टवर चालतात, चार पिनांचे साधे आरजीबी १२ व्होल्टवर. ५ व्होल्टचा दिवा जबरदस्तीने १२ व्होल्टच्या जागी घातला की तो त्याच क्षणी जळतो. मदरबोर्डवर कुठली पिन आहे ते आधी बघा, मग दिव्यांचं कॅबिनेट घ्या.

एसएमपीएस फुकट मिळाला तरी लावू नका, आणि अर्थिंग

‘४५० वॅट एसएमपीएससकट’ अशी कॅबिनेट मिळतात. ती ऑफिसच्या मशीनसाठी. स्टिकरवरचा आकडा आणि १२ व्होल्टच्या वाटेवर प्रत्यक्षात मिळणारी वीज यांत मोठं अंतर असतं. ग्राफिक्स कार्ड लावणार असाल तर एसएमपीएस वेगळा आणि नावाजलेला घ्या. कॅबिनेटचे पैसे त्यासाठी थोडे कमी झाले तरी चालतील.

आता अर्थिंग. याची चर्चा कॅबिनेट घेताना कुणी करत नाही. आपल्याकडे जुन्या घरांत, वाड्यांत तिसरी पिन नुसती दिसायला असते, तिच्यामागे वायर नसते. अनवाणी पायाने, ओल्या फरशीवरून कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. बाया म्हणतात, “करंट मारायलंय.” बरोबरच आहे त्यांचं. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीला जोडलेले लहान कपॅसिटर असतात, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर निम्म्या दाबाची, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासची वीज तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असतो, पण टीव्हीची एचडीएमआय वायर चालू मशीनला जोडताना तोच प्रवाह पोर्ट जाळू शकतो.

म्हणून कॅबिनेट घरात येण्याआधी वायरमनला बोलावून त्या एका सॉकेटचं तरी अर्थिंग तपासून घ्या. मीटरवर फेज आणि अर्थ यांच्यात जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थिंग नसेल तर न्यूट्रललाच अर्थच्या पिनेत जोडून देणारे काही जण भेटतात. ते अजिबात करू देऊ नका. न्यूट्रल कधी तुटला तर कॅबिनेटचा सगळा पत्रा पूर्ण दाबाचा होतो. आणि मशीन जोडताना एसएमपीएसचे चारही स्क्रू घट्ट बसवा. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही, कॅबिनेटच्या पत्र्याला अर्थिंग मिळतं ते मुख्यतः त्या स्क्रूंमधून.

कुठून घ्यायचं, कसं आणायचं

बेळगावात कॅबिनेट मिळतात, पण मोजकीच मॉडेलं मांडलेली असतात. कोल्हापूर किंवा हुबळी, दोन्हीकडे शंभराच्या आसपास किलोमीटर. एकाच कॅबिनेटसाठी जाण्यात अर्थ नाही, पण दुसऱ्या कामाने जाणार असाल तर टेप घेऊन जा. हातात धरून बघितलेल्या कॅबिनेटबद्दल नंतर तक्रार कमी राहते. कुठूनही घ्या, जीएसटीचं पक्कं बिल घ्या. वॉरंटीचं काम निघालं तर त्याशिवाय कुणी दाद देत नाही.

ऑनलाइन मागवलंत तर खोक्याचे सहाही बाजूंचे फोटो काढा आणि उघडताना सलग व्हिडिओ घ्या. काच फुटून येणं ही सगळ्यात नेहमीची तक्रार. खोकं उलटं ठेवून काचेचा खुळखुळ ऐकू येतोय का, ते पोचवणाऱ्या माणसासमोरच बघा. थर्मोकोल माळ्यावर टाकून ठेवा, पुढे मशीन हलवायचं झालं तर तेच उपयोगी पडतं.

जोडलेलं मशीन गावी न्यायचं असेल तर ग्राफिक्स कार्ड आणि मोठा कूलर काढून वेगळे न्या. चोर्ला घाटातून जड कार्ड स्लॉटात तसंच ठेवून आणलेलं एक मशीन मी बघितलं आहे. स्लॉटची खिट्टी तुटली होती आणि कार्ड एका बाजूने लोंबत होतं. गाडीत कॅबिनेट आडवं, मदरबोर्ड खाली येईल आणि काच वर राहील असं ठेवा.

पैशांचं म्हणाल तर साठ-सत्तर हजारांच्या मशीनमध्ये कॅबिनेटला चार-पाच हजार द्यायला मागेपुढे बघू नका. त्यात समोर जाळी, निघणारे फिल्टर आणि तीन पंखे एवढं मिळायला हवं. दिव्यांचे हजार रुपये वाचवून ते एसएमपीएसमध्ये घाला.

जोडताना

मदरबोर्ड ठेवण्याआधी पितळेचे खांब मोजा. बोर्डाला जिथे भोक तिथेच खांब हवा. भोक नसलेल्या जागी एखादा जादा खांब राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. मागच्या पोर्टांभोवती बसणारी आयओ पट्टी आधी बसवा. ती विसरून सगळं जोडून मग उघडणारे मी बरेच बघितलेत. समोरच्या पोर्टांच्या वायरींमध्ये यूएसबी ३ ची जाड वायर सगळ्यात कडक असते, ती लावताना बोर्डवरच्या पिना वाकवू नका. समोर टाइप-सी पोर्ट असेल तर मदरबोर्डवर त्याची वेगळी जागा आहे का, ते यादी करतानाच बघायला हवं होतं. नसेल तर तो पोर्ट नुसता शोभेला राहील.

सगळं सुरू झालं की उदबत्तीची चाचणी करा. खोलीतला पंखा बंद करा, खिडकी लावा. पेटलेली उदबत्ती समोरच्या जाळीपासून वीतभर दूर धरा, धूर आत खेचला गेला पाहिजे. मग मागच्या पंख्यापाशी न्या, तिथे तो बाहेर फेकला जायला हवा. आता मागच्या स्लॉटच्या पट्ट्यांच्या फटीपाशी धरा. धूर बाहेर ढकलला गेला तर दाब बरोबर आहे. आत खेचला गेला तर समोरच्या पंख्यांचा वेग थोडा वाढवा किंवा मागच्याचा कमी करा, आणि पुन्हा बघा.

नंतरची देखभाल

माग, वखार किंवा कारखाना जवळ असेल तर समोरचा फिल्टर दर आठवड्याला झटका, बाकीच्यांनी महिन्याला. नायलॉनचा फिल्टर साध्या पाण्याने धुवा, पण पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका. पावसाळ्यात त्याला एक अख्खा दिवस लागतो, म्हणून जादा फिल्टर मिळत असेल तर एक घेऊन ठेवा. पावसाळ्यात मशीन महिना-महिना बंद ठेवू नका. दोन दिवसाआड तासभर चालवलं की आतली ओल निघून जाते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने ते भलत्या वेगाने फिरलं तर बेअरिंग जातं.

मोठी सफाई वर्षातून एकदा. आमच्या कारखान्यात खंडेनवमीला सगळी मशिनं धुऊनपुसून, ग्रीस भरून, झेंडूची माळ घालून पूजतात. आदल्या दिवशी संध्याकाळी घरी आलो की मी कॉम्प्युटर उघडतो. काच गादीवर, कार्ड वर्तमानपत्रावर, पंखे एकेक करून काढतो आणि ओल्या फडक्याने पाती पुसतो. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावतो. गेल्या वर्षी कूलरच्या पट्ट्यांमधून निघालेले तंतू चिमटीत मावले.